श्वास सोडल्यावरचं माप

खोकं तिला दिसत होतं. काचेच्या दाराच्या त्या बुटक्या फ्रिजमध्ये, मधल्या फळीवर, डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्यांशेजारी. पांढरं, निळ्या पट्टीचं, आणि त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तिचं नाव. औषधवाल्यानं ते बाहेर काढून काउंटरवर ठेवलंही होतं. मग त्यानं कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, पुन्हा पाहिलं, आणि खोकं उचलून होतं तिथं परत नेऊन ठेवलं. फ्रिजचं दार लागल्याचा आवाज तिला जरा जास्तच मोठा वाटला. "ताई, विम्यानं नाकारलंय," तो म्हणाला. "दोन महिने चौकशी चालू आहे, चौकशी चालू आहे म्हणत होते ना, ती संपली. पत्र पाठवलंय म्हणतायत घरी." ती म्हणाली, "पण माझं नाव आहे त्याच्यावर." बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. बाहुलीवर हक्क सांगणाऱ्या पोरीसारखं. औषधवाला मुळात भला माणूस, तो अधिकच ओशाळला. "आहे हो नाव. म्हणून तर आठवडाभर ठेवीन मी. कुणाला द्यायचा नाही. अपील करा, लिहून द्या काहीतरी. आठवड्यानंतर मात्र वरचे लोक परत मागवतात." खरं तर इथं माणसानं आरडाओरडा करावा, निदान चार प्रश्न तरी विचारावेत. ही काय म्हणाली? ही म्हणाली, "बरं. ठीक आहे. तुम्हाला उगाच त्रास." आणि वर हसली. हिचं हे असंच होतं, लहानपणापासून.

रस्त्यावर आल्यावर तिनं पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, दहा पावलांवर डाव्यातून उजव्यात. पिशवीत होतं काय, तर डबा आणि छत्री. नऊ आठवडे झाले होते शेवटच्या इंजेक्शनला. पहिले तीन-चार आठवडे शरीरानं जुन्या पुण्याईवर काढले, मग एका सकाळी अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी जागं झालं, आणि तिनं ओळखलं. आलास का बाबा परत, असं तिनं मनातल्या मनात म्हटलंसुद्धा. त्यानंतर मनगटं, मग खांदे, मग गुडघे. नको असलेला पाहुणा एकेक खोली बळकावत जावा तसं. दुखण्याचं एक वेळ ठीक, दुखणं निदान सांगता तरी येतं, बोट ठेवून दाखवता येतं. थकव्याचं काय दाखवणार? थकवा म्हटलं की लोक म्हणतात, जरा झोप काढा. दहा तास झोपून ती उठायची आणि वाटायचं, रात्रभर कुणीतरी आपल्याकडून पोती उचलून घेतली आहेत. डोकंसुद्धा तसंच. ओल्या कापडातून कात्री ओढावी तसा विचार पुढं सरकायचा आणि मधेच अडायचा. कोपऱ्यावरच्या थांब्यावर एक बस उभी होती, दार उघडं टाकून, सुटायच्या बेतात. तिनं त्या बसकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. बस निघून गेली.

सात महिने. सातच महिने ते औषध तिच्या अंगात होतं, आणि आता तिला वाटत होतं की आपलं खरं आयुष्य म्हणजे तेवढंच, बाकी सगळं आधीचं आणि नंतरचं वाट पाहणं. दुसऱ्या इंजेक्शननंतर पंधरा दिवसांनी असेल, ती एका सकाळी दूध आणायला खाली उतरली, वर आली, स्वयंपाकघरात पिशवी ठेवली, आणि मग तिच्या लक्षात आलं की मधे कुठं थांबलोच नाही. चार मजले! ती तशीच पुन्हा खाली गेली आणि पुन्हा वर आली, खातरजमा करायला. नवरा दाढी करत होता, तो म्हणाला, "काय विसरलीस?" ती म्हणाली, "काही नाही." दोन वर्षं बरण्यांची झाकणं त्याच्याकडून उघडून घेत होती, ती तिनं एका दुपारी सगळी उघडून ठेवली, बिनकामाची, ओळीनं. आणि मग ती बस. ती बस तिच्या वाटेचीही नव्हती. ती कामावरून सुटून चालली होती, पन्नास-साठ पावलांवर बस उभी होती, आणि तिच्या पायांनाच काय वाटलं कोण जाणे, ते धावायलाच लागले. पिशवी काखेत, पदर कमरेशी, केस सुटलेले. चालकानं आरशात पाहून दार धरून ठेवलं. ती आत चढली, दांडा धरून धापा टाकत उभी राहिली, आणि ती धाप इतकी गोड लागली तिला! दमायचं कसं असतं हे ती विसरूनच गेली होती. धावल्यामुळे दमलेलं माणूस वेगळं आणि बसल्याजागी दमलेलं वेगळं. दोन थांबे जाऊन ती उतरली आणि चालत मागे आली. घरी उशीर झाला. नवऱ्यानं विचारलं, तर म्हणाली, काम होतं. हे त्याला का सांगितलं नाही, हे तिला आजही नीट सांगता आलं नसतं. चाळिशी उलटलेल्या बाईनं उगाच बसमागे धावायचं आणि घरी येऊन त्याचं कौतुक सांगायचं, म्हणजे फारच झालं. आपल्या सुखाचीही जरा लाजच वाटायची तिला.

आईकडून आलेलं असणार हे. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. बोटांची पेरं सुजून आल्याच्या गड्ड्यांसारखी झालेली. घरी कुणी आलं की आई हात मांड्यांखाली सारून बसायची, आणि पाहुणे म्हणायचे, कशा आहात, तर म्हणायची, चाललंय. त्या घरात दुखतंय म्हणणं म्हणजे स्वतःचं तुणतुणं वाजवणं होतं. शेवटी शेवटी डॉक्टर खाटेशी वाकून विचारायचे, "आजी, कसं वाटतंय?" आणि आई पांढऱ्या ओठांनी म्हणायची, "चाललंय." डॉक्टर बिचारे लिहून घ्यायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. आता कधी दवाखान्याच्या बाकावर बसलं की तिचे हात आपोआप मांड्यांखाली जायचे. ते ध्यानात आलं की ती बाहेर काढायची. थोड्या वेळानं पुन्हा आत.

दुकान जिन्यानं वर होतं, एकच लांबलचक खोली, उत्तरेकडे तीन खिडक्या, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले जाड कागदाचे नमुने, चार मशिनी आणि मधोमध तिचं टेबल. इथं तिला सगळे 'मास्तर' म्हणत. कापणारा तो मास्तर, मग ती बाई का असेना. सुरुवातीला कुणीतरी मास्तरीण म्हणून पाहिलं, पण तिनं पहिलाच कोट असा कापला की तो शब्द आपोआप मागे पडला. बावीस वर्षं कोटच कापत आली ती. तिची कात्री दुसरं कुणी उचलत नसे, मालकसुद्धा. लांब पात्याची, लोखंडी, दांड्याचा काळा रंग तिच्या अंगठ्यापुरता उडालेला. कापडावर ती चालायला लागली की एक बारीक करकर आवाज व्हायचा, एकसारखा, न थांबता, आणि मशिनीवरचे लोक म्हणायचे, मास्तर लागले. गेला महिनाभर तो आवाज तुटक येत होता. कुणी काही बोललं नव्हतं. तिलाच तो ऐकू यायचा.

त्या दिवशी दुपारी शाळेचे एक मुख्याध्यापक आले होते, निवृत्तीच्या समारंभासाठी कोट शिवायला. गोरेगोमटे, पोट सुटलेले, पण स्वतःच्या मनात अजून तिशीतले. टेप कमरेशी आली मात्र, साहेबांनी पोट आत ओढून घेतलं आणि छातीचा नगारा केला. सगळेच करतात. बावीस वर्षांत एकही माणूस असा भेटला नाही की टेप आल्यावर जसा आहे तसा उभा राहिला. त्या मापाचा कोट शिवला तर तो आरशापुढे बसतो आणि जेवायला बसलं की बटण उडतं. म्हणून मास्तरचं एक तंत्र होतं. सरळ उभे राहा, श्वास सोडा, असं गिऱ्हाइकाला म्हणायचंच नाही. म्हटलं की ते अजून ताठतं. त्याच्या पाठीमागं उभं राहायचं, टेप सैल धरायची, आणि काहीतरी विचारायचं. असं काही, की ज्याचं उत्तर त्याला मनापासून द्यावंसं वाटेल. माणूस खरं बोलायला लागला की पोट आपोआप सुटतं. "सर, आता सकाळी उठून काय करणार हो?" तिनं विचारलं. "तेच कळत नाहीये बघा," ते म्हणाले, आणि मोठा सुस्कारा सोडला, आणि पोट आपल्या जागेवर आलं. तिनं आकडा वाचला. मात्र टेपची दोन टोकं जुळवताना तिच्या बोटांतून एक टोक निसटलं, दुसऱ्यांदाही निसटलं, आणि खांद्याचं माप घ्यायला हात वर नेला तेव्हा कोपरापासून मानेपर्यंत एक कळ अशी गेली की तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. "बऱ्या आहात ना तुम्ही?" सरांनी वळून विचारलं. "ठीक आहे की," ती म्हणाली आणि ताठ उभी राहिली.

मग ती कापायला बसली, म्हणजे उभी राहिली, कापणं उभ्यानंच होतं. राखाडी लोकरीचं कापड, भारी, सरांनी स्वतः निवडलेलं. पाठीचा नमुना ठेवला, खडूनं आखलं, कात्री घेतली. डोक्यात फ्रिजमधलं ते खोकं होतं. निळी पट्टी. मधली फळी. सात दिवस. आज धरून सात की आज सोडून? अंगठा दांड्यात अडकून बसला होता आणि प्रत्येक वेळी पातं मिटताना ती ओठ मिटत होती. पातं मिटलं की ओठ, पातं मिटलं की ओठ. खांद्यापासून खालपर्यंत एक बाजू झाली, दुसरी झाली, तुकडा सुटा होऊन हातात आला, आणि तिला पहिल्यांदा कळलंच नाही की काय चुकलंय. तुकडा लहान दिसत होता. मग दिसलं. ती खडूच्या रेघेवरून कापत आली होती. रेघ म्हणजे शिलाई. कात्री रेघेच्या बाहेरून, दीड बोट सोडून चालवायची असते, नाहीतर शिवायला कापड उरतच नाही. हे शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगतात. ही चूक कुणी करत नाही. म्हणजे डोळे मिटूनही कुणी करत नाही. ती तुकडा हातात धरून उभी राहिली, आणि खोलीतल्या चारही मशिनी एकेक करून थांबल्या.

मालक आले, त्यांनी तुकडा उलटापालटा करून पाहिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "कापड आहे अजून त्याच ठाणातलं. मागवतो." "माझ्या हातून कसं काय…" ती म्हणाली. "होतं, होतं," मालक म्हणाले, आणि नमुन्याची गुंडाळी करत, तिच्याकडे न बघता, "मास्तर, पुढच्या आठवड्यापासून तुम्ही जरा काउंटरला बसा. मापं तुम्हीच घ्या, तुमच्यासारखी मापं कोण घेणार? कापायला बघतो मी कुणीतरी. तात्पुरतं हो." ते 'जरा' आणि ते 'तात्पुरतं' तिच्या मनाला जे लागलं ते लागलंच. माणूस काउंटरला बसला की बसला. आधीचे म्हातारे मास्तर असेच तात्पुरते बसले होते, शेवटपर्यंत तिथंच पावत्या फाडत होते. तिनं कात्री तिच्या फडक्यात गुंडाळली. गुंडाळायलाही वेळ लागला. मशिनीवरची एक बाई, जिच्याशी तिचं कधी पटलं नाही, ती पटकन उठली आणि तिच्या फडक्याची गाठ मारून देऊन काही न बोलता परत जाऊन बसली. तेव्हा मात्र ती रडायच्या बेतात आली.

संध्याकाळी ती घराच्या जिन्याशी आली तेव्हा अजून उजेड होता. तिचा नवरा लिफ्टचा मेकॅनिक. गावभरच्या लोकांना वर चढवतो आणि बायकोला चार मजले चढायला लावतो, म्हणून शेजारीपाजारी त्याची भरपूर चेष्टा करत, आणि तोही हसून म्हणायचा, डॉक्टरच्या घरी कुणी औषध बघितलंय का? आजारपणाच्या सुरुवातीला त्यानं दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक स्टूल आणून ठेवलं होतं. लोकांनी विचारू नये म्हणून त्यावर एक मनीप्लँटची कुंडी ठेवली. ती दमून आली की कुंडी खाली ठेवून स्टुलावर बसायची, मग पुन्हा कुंडी वर. सात महिने त्या कुंडीला कुणी हलवलं नाही. वेल कठड्यावर चढला, अगदी ऐसपैस. आज ती वळणावर आली तर कुंडी खाली कोपऱ्यात होती, वेल कठड्यावरून सोडवून नीट गुंडाळून ठेवलेला, आणि स्टूल रिकामं, पुसलेलं. म्हणजे याला कळलंय. कधीपासून? तिनं तर चकार शब्द काढला नव्हता. ती स्टुलावर बसली आणि कठड्यावर डोकं टेकलं. तिला वाटलं, त्या सात महिन्यांतली ती बाई आत्ता खालून येईल, एकेक पायरी सोडून, पिशवी झुलवत, आणि आपल्याला ओलांडून वर जाईल, ओळखसुद्धा देणार नाही. तिचा हेवा वाटला. नवऱ्याला कुणी दुसरी बाई असावी आणि तिचा वाटावा, तसा.

पत्र टेबलावर उघडंच होतं. नवरा त्याच्यासमोर बसला होता, कामाचे कपडे तसेच, हातांना वंगणाचा वास. "बस आधी," तो म्हणाला. "पाणी घे." तिनं पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलला. त्यानं ते पाहिलं आणि पत्राकडे वळला. "तू बससाठी धावलीस?" त्यानं विचारलं. तिला काही कळेना. त्यानं पत्रावर बोट ठेवून वाचलं: 'रुग्णाने सहाव्या महिन्यात स्वहस्ते भरलेल्या प्रपत्रानुसार, वेदना दहापैकी दोन. रुग्ण चार मजले न थांबता चढते. रुग्ण बस पकडण्यासाठी धावू शकते. सबब सदर औषधाची वैद्यकीय गरज सध्या दिसून येत नाही.' तिला आठवलं. डॉक्टरांच्या मदतनीस बाईनं दिलेला तो कागद; औषधाने काय फरक पडला ते लिहा, आणि खाली चौकट. किती आनंदानं लिहिलं होतं तिनं! चौकट पुरली नाही, तर समासात वळवून लिहिलं. जगात ते कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून त्या कागदाला सांगितलं. आणि वेदनेचा आकडा? त्या दिवशी मनगट दुखतच होतं, चार तरी लिहायला हवे होते. पण इतकं महागाचं औषध घेऊन चार लिहायचे, म्हणजे देणाऱ्याला काय वाटेल? म्हणून दोन. कागद पुढ्यात आला, आणि तिनंही मुख्याध्यापकांसारखंच पोट आत घेतलं. नवरा अजून विचारतच होता, "कधी धावलीस? मला नाही सांगितलंस?" त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला ते बघायचं राहून गेलं होतं, एवढंच.

अपिलाचा कागद पत्राबरोबरच आला होता. आपल्या नेहमीच्या दिवसाचे वर्णन करा. त्याखाली बारा ओळी. नवऱ्यानं पेन पुढं केलं. तिनं लिहिलं: 'सकाळी थोडा त्रास होतो. कामावर जाते.' आणि थांबली. "एवढंच?" तो म्हणाला. "अजून काय लिहू?" "अगं, काय म्हणजे? तुला बटणं लागत नाहीत सकाळी. मला दिसत नाही का?" "लागतात की. वेळ लागतो जरा." "आणि आज कामावर काय झालं? मालकांचा फोन आला होता मला." "काही झालं नाही." मग तो तडकलाच. "काही झालं नाही, ठीक आहे, चाललंय! तुझ्या आईनं हेच केलं. आता तूही कर! सात दिवस आहेत आपल्याकडे, आणि तू त्यांना लिहितेस थोडा त्रास!" "मग काय, रडगाणं गाऊ? अनोळखी माणसांपुढं? कागदावर भीक मागू?" तिचा आवाज चढला आणि चढता चढताच दमला, भांडायलाही ताकद लागते. तिनं हात टेबलाखाली नेले, मांड्यांखाली सारले. तो त्या हातांकडे, म्हणजे जिथं ते नव्हते तिथं, बराच वेळ बघत राहिला. खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल पडली, कुणीतरी हसलं.

थोड्या वेळानं तो उठला आणि कपाटातून कोट काढला. त्याचाच कोट, तिनं चांगल्या दिवसांत कापलेला. आयुष्यभर लोकांचे कोट कापले, याच्या अंगावर एक नाही, म्हणून घेतला होता करायला. गडद निळा. कच्च्या टाक्यांनी टाचून ठेवलेला, एकच बाही लावलेली, दुसरी खिशात घडी करून. तो हात धुऊन आला, कोट अंगात घातला, आणि इस्त्रीच्या उंच टेबलाशी तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. "पाठीत ओढतोय बघ," म्हणाला. "एवढं बघून दे." ही काय वेळ आहे का, असं ती म्हणणार होती, पण पाठीत खरंच ओढत होता, मधली शिवण डावीकडे सरकली होती, आणि तसलं काही दिसलं की तिला राहवत नसे. ती उठली. टाचण्यांची डबी घेतली. त्याच्या मागे उभी राहिली. "ही बाही का नाही लावलीस गं पुढं?" त्यानं समोर बघत विचारलं, सहज.

"कशी लावणार?" ती शिवण चाचपत म्हणाली. "बाहीला फिरवून टाके घालावे लागतात. बोटांत सुई धरली की दुसऱ्या टाक्याला सुटते. मी प्रयत्न केला नाही असं नाही, तू कामावर गेल्यावर बसले होते तीनदा." "हं," तो म्हणाला. "सकाळचं काय?" "सकाळी मी आधी डोळे उघडत नाही. आधी बोटं मिटून बघते पांघरुणात. मिटली तर उठायचं. हल्ली मिटत नाहीत. तू अंघोळीला गेलास की मी गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसते, तू बाहेर यायच्या आत पाणी ओतून टाकते." पाठीशी बोलणं सोपं होतं. पाठीला डोळे नसतात. "आणि दमते रे मी. दमते म्हणजे काय सांगू, केस विंचरायला हात वर नेला की मधे टेकावं लागतं. दुपारी जेवताना वाटतं, घास चावायलासुद्धा कुणीतरी यावं. आज मी रेघेवरून कापलं. मी! रेघेवरून! मालक मला काउंटरला बसवणार आहेत. माझी कात्री कोण घेईल सांग, कुणाच्या अंगठ्याला बसेल ती?" "आणि तू रात्री खांद्यावर हात ठेवतोस ना, तो मला सोसत नाही. मी झोपेचं सोंग घेऊन कूस बदलते. तुला वाटतं मला नको असतो. मला हवा असतो. त्या सात महिन्यांत किती वेळा ठेवला होतास, मी मोजून ठेवायला हवं होतं. आता हलू नकोस बघू, उजव्या खांद्याला सुरकुती येतेय."

सुरकुती गेली. तिनं एक टाचणी लावली. पुन्हा सुरकुती आली, त्याच जागी, खांद्याच्या मागे, बारीक, तिरपी. "अरे, हात हलवू नकोस म्हटलं ना." पुन्हा गेली, पुन्हा आली. तशी सुरकुती कशानं पडते हे बावीस वर्षं कोट कापणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. टेबलाशी उभं राहून माणूस लिहीत असला की पडते. तिच्या हातातली टाचणी तशीच राहिली. ती एक पाऊल बाजूला झाली आणि त्याच्या कोपराखालून पाहिलं. इस्त्रीच्या टेबलावर विम्याचं पत्र आणि शेजारी तो अपिलाचा कागद होता. बाराच्या बारा ओळी भरल्या होत्या, त्याच्या त्या पाना-स्क्रूच्या पावत्यांवरच्या अक्षरात, आणि आता तो समासात वळला होता. गरम पाण्याचं पातेलं होतं. रेघ होती. खांद्यावरचा हातही होता, तो मात्र लिहून पुन्हा खोडलेला. पंधरा वर्षांपूर्वी कंपनीच्या गणवेशाची मापं द्यायला हाच माणूस तिच्या दुकानात आला होता, छाती फुगवून उभा. आणि तिनं मागून विचारलं होतं, लिफ्ट मधेच अडकली तर आतल्या माणसाला तुम्ही बाहेरून काय हो सांगता? लग्नानंतर कधीतरी तिनंच त्याला हसत हसत ते तंत्र सांगितलं होतं.

"माप घेतोयस माझं," ती म्हणाली.

"श्वास धरू नकोस," तो वळला नाही. "आत्ता कुठं मिळायला लागलंय."

तिच्या लक्षात आलं की आपण टेबलाची कड धरून उभे आहोत, हात उघडे, दिव्याखाली, सुजलेल्या पेरांसकट. ती तशीच उभी राहिली. थोड्या वेळानं त्यानं पेनाच्या टोकानं विम्याच्या पत्रावर ठोकलं. "आणि या बसचं काय करू? त्यांनी तेच धरलंय. चुकून लिहिलं असं लिहू का? फारशी धावली नव्हती, असं काहीतरी?"

"नाही," ती म्हणाली. इतक्या झटकन की तिचं तिलाच नवल वाटलं. "ते खोटं नाही. धावले होते मी. पदर खोचून, भर रस्त्यात. चालकानं दार धरून ठेवलं होतं माझ्यासाठी. बस आपल्या वाटेची नव्हती, तरी धावले. ते राहू दे." पुढचं वाक्य तोंडातून बाहेर काढणं तिला चार मजल्यांपेक्षा जड गेलं. आईनं ते आयुष्यात कधी कुणापुढं उच्चारलं नव्हतं. "त्याच्यापुढं लिही, की मला ते परत हवंय. असंच लिही. मला परत हवंय."

त्याचा खांदा हलला. कोटाच्या पाठीवर ती बारीक तिरपी सुरकुती पुन्हा उमटली, आणि तिनं त्यावर तळहात ठेवला, आणि या वेळी त्याला हात हलवू दिला.